बकरीवाल्या बाबाला मारलेली हाक

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनाच्याही चुका असतील, माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली.

आमच्या कुत्रीची पिल्लं अडली होती. तळोद्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोट फाडूनच काढावी लागतील. औषधाला पाचशे रुपये कमी पडत होते, पण कुणाकडे मागायची लाज वाटून मी हातातल्या नोटाच पुन्हा पुन्हा मोजत होते. शेजारी बकरीची दोरी पायाखाली दाबून बसलेल्या म्हाताऱ्याने पाचशेची नोट पुढे केली. "लाजी ऱ्हायनी का, माय? कुत्री मरी जाई ना!"

शेवटचं पिल्लू निपचित निघालं. डॉक्टर टाके घालत होते. म्हाताऱ्याने ते पिल्लू रुमालात घेऊन खसाखसा चोळलं आणि दटावलं, "लाजू नको, बोंबल!" पिल्लू किंचाळलं. "हां, आते जगशी!" म्हणत तो बकरी ओढत निघून गेला. नाव विचारायचं राहिलंच.

पुढे तो बाजारात लांबून दिसला. मी सगळा जीव एकवटून ओरडले, "ओ बकरीवाले बाबा!" बाजारातले सगळे बकरीवाले वळले. तो मात्र पोट धरून हसला. "हां, आते जगशी!"

लाजेने माझे कान तापले होते, तरी मी पाचशेची नोट त्याच्या हातावर ठेवली आणि सगळे पैसे फेडले.