लाल वायरीची गाठ

कॅमेरावाले काका शिडी चढले ते तणतणतच. सकाळी त्यांनी दुकानात सीसीटीव्ही कॅमेरा जोडला तेव्हा वीज नव्हती; मग रंगारी भिंती रंगवून गेले; दुपारी वीज आली आणि कॅमेरा जळला.

"रंगाऱ्यांनीच वायरी उलट्या जोडल्या असणार," ते मालकीणबाईंना म्हणाले. "हात शिवशिवतात लेकाच्यांचे!"

त्यांनी जोडावरची चिकटपट्टी सोलली. जोडताना लाल वायरीला बारीक गाठ मारायची, ही त्यांची तीस वर्षांची खूण. इथे ती गाठ, त्यांच्याच हातची, काळ्या वायरीला होती.

चष्मा लावा म्हणून मुलगी रोज कानीकपाळी ओरडायची. "माझी बोटं बघतात," असं ते तिला ऐकवायचे.

काका खाली उतरले.

"रंगाऱ्यांना बोलावू का?" बाईंनी विचारलं.

"नको. माझ्या मुलीला फोन लावून द्या," काका म्हणाले. "आकडे दिसत नाहीत मला."