सागाच्या पानातला वाटा

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी माझा बा खळ्यात पाठमोरा उभा होता. मी डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन त्याच्या मागून गेले. पेटीत भांडी खडखडत होती, म्हणजे कोण चाललंय ते त्याला कळत होतं. तो वळला नाही. आय बांधापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "जाशील थितं नीट ऱ्हा गं." खालापूरला एसटी धरली, कर्जतला पुण्याची गाडी. घाट चढायला मागून इंजिन लावतात ना, ते लागताना बसलेला धक्का अजून माझ्या पाठीत आहे.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, आमच्याबद्दल तुम्ही नाना तऱ्हेचं ऐकलं असेल. कोणी म्हणतं बाटले म्हणून हाकलले, कोणी म्हणतं नोकरीला भुलले. तसं नाही हो. आम्ही गेलो ते सागाच्या एका पानापायी.

माझं सासर-माहेर एकाच गावात, मध्ये फक्त विहीर. माझा नवरा शांताराम हंगामाला माथेरानच्या हॉटेलात भांडी घासायला जायचा. तिथल्या एका सोबत्यानं त्याला प्रभूची ओळख करून दिली. घरी आला की चुलीपाशी बसून तो मला सांगायचा, की माणसाला आपलं पाप आपल्या हातानं धुता येत नाही, म्हणून देवाच्या पुत्रानं आपलं रक्त दिलं, एकदाच, सगळ्यांसाठी. मी आधी हसायचे. पण माझी सासू मरून गेली तरी तिच्यावरचा राग माझ्या पोटातून जात नव्हता, कितीही उपास केले तरी. तो जायला लागला, तेव्हा मी हसायची थांबले.

कर्जतला नदीत पाळकसाहेबांनी आमचा बाप्तिस्मा केला. गावानं फार मनावर घेतलं नाही. विहिरीवर बायका चिडवायच्या, "काय गं, पाव खाऊन गोरी झालीस का?" मी म्हणायचे, "झाली आसती तर तुमच्यात पानी भराया आली आसती का?" हसण्यावारी जायचं. सगळं आवळत आलं ते पेरणीच्या तोंडावर.

पेरणीआधी गावदेवीला घरटी एक कोंबडा द्यायची आमची रीत. सगळे कोंबडे माळावर कापायचे, मटण एकत्र करून घरागणिक सारखे वाटे पाडायचे, ते सागाच्या पानात बांधून दारोदार पोचवायचे. पानं पोचल्याशिवाय कोणी बी टाकायचं नाही. एक घर चुकलं तर देवी साऱ्या शिवारावर रुसते म्हणत. आणि कापायचा मान कुणाचा? माझ्या बाचा.

शांतारामनं गावापुढं हात जोडून सांगितलं, आमच्यासाठी रक्त सांडून झालंय, आता दुसरं देता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी विहिरीवर गेले की बायका भरलेल्या-रिकाम्या घागरी उचलून निघून जायच्या. कोणी शिवी दिली नाही, त्याचीच भीती वाटायची. माझ्या भावाची, गणपतची बायको दिवसांत होती. तिला काही झालं असतं तर बोल कुणाला लागला असता, हे मला न सांगता कळत होतं.

देवीच्या दिवशी आम्ही दार उघडं टाकून बसलो. दुपारी बा आला. हातात सागाचं पान, बोटांना पिसं चिकटलेली. मागे थोड्या अंतरावर गावातले बापे थांबले.

बा हळूच म्हणाला, "तुमच्या नावाचा कोंबडा मी दिला, माज्या खुराड्यातला. आता काय बोलू नको. घे."

पाळकसाहेब एवढे दिवस जे शिकवत होते, एकानं दुसऱ्याच्या बदली देणं, तेच माझ्या दारात येऊन उभं राहिलं होतं. हात पुढं केला असता तर विहीर, पेरणी, भावजय, सगळं मिटलं असतं. मी शांतारामकडे पाहिलं. तो म्हणाला, "तुजा बा हाय. तू ठरव."

पानातून एक थेंब उंबऱ्यावर पडला.

मी म्हटलं, "बा, तू माज्यासाठी दिलंस, ते मी जलमभर इसरनार नाय. पन हे घेतलं तर माज्या देवानं दिलं ते कमी पडलं, असं व्हईल."

"आनि मी दिलं ते कमी पडलं, तर चालंल?" बा म्हणाला.

मी हात पदराखाली घेतले. बानं ते पान साऱ्या गावादेखत तसंच परत नेलं.

संध्याकाळी आमचं जायचं ठरलं. आम्ही राहिलो असतो तर पेरणी अडली असती आणि बाला रोज मान खाली घालावी लागली असती. घरच उठून गेलं की घरांची मोजणी पुरी होते.

पुण्यात चर्चच्या आवारात खोली मिळाली. शांताराम घंटा वाजवायचा, राखण करायचा. मी उपासनेआधी सतरंज्या अंथरायचे, शुभवर्तमानावर बोट फिरवत अक्षरं शिकले आणि मग संडेस्कूल घेऊ लागले. चुलीचा स्टोव्ह झाला, विहिरीचा नळ झाला. नळावर मला पाहून कोणी घागर उचलत नव्हतं, पण माझं माहेर कुठलं हेही कोणी विचारत नव्हतं. महिला मंडळात प्रार्थनेसाठी नावं सांगतात, तिथं मी दर वेळी बाचं नाव सांगायचे. आय अधूनमधून कर्जतला येऊन भेटायची, बा कधीच नाही. प्रभुभोजनाची भाकर हातावर आली की मला त्याचा तो प्रश्न ऐकू यायचा, आणि घास तोंडाशी थांबायचा.

बऱ्याच वर्षांनी गणपत दारात आला. "बा उठत नाय आता. चल. पन तो काय बोलंल ते माज्यावर नाय हां."

खोपोलीकडे कारखान्यांची धुराडी उभी राहिली होती, गावाची वाट मात्र तीच. खळ्यापाशी माझे पाय अडले. भावजय सामोरी आली, सोबत तिची मोठी झालेली मुलगी, त्याच वर्षी जन्मलेली. तिला धडधाकट पाहून मी आत पाऊल टाकलं.

बानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. गणपत म्हणाला, की गाव आमचं घर मोजणीतून काढत होतं, पण बानं ते काढू दिलं नाही. दर पेरणीला माझ्या नावाचा कोंबडा तो स्वतः द्यायचा, माझा वाटा घ्यायचा आणि वरच्या वाडीवर कातकऱ्यांना नेऊन द्यायचा.

हे ऐकून गप्प बसणं खोटं झालं असतं. म्हटलं, "बा, मीपन तिकडं तुजं नाव घेते. येशूनं तुज्यासाठीपन दिलंय. तुला काय द्यावं लागत नाय."

बानं डोळे मिटले. मला वाटलं, आता तोंड फिरवेल.

"म्हंजे माजापन वाटा हाय थितं?"

"हाय."

"मग ऱ्हाऊ दे. कुनाला देऊ नको."

त्या वर्षीच्या पेरणीआधीच तो गेला. मंडळीत कोणी विचारतं, तुमच्या वडिलांनी प्रभूला स्वीकारलं का? मी बा जे बोलला तेवढंच सांगते.

गणपत अजून माझ्या नावाचं पान बांधतो, असं भाची सांगून गेली. नको म्हणून कळवायला हवं खरं तर. माझा देव कुठला ते मला पक्कं ठाऊक आहे. पण तो वाटा बंद झाला की त्या गावात मी कुठंच उरणार नाही. इथं प्रभुभोजनाला बसताना मी शेजारी थोडी जागा मोकळी ठेवते. कोणी सरका म्हणालं की सरकते, पण अगदी थोडी.