कोणाला कळवावे

स्पिरिटचा वास आला की बोईसरच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. चाळिशीचा चष्मा मी एप्रनच्या खिशात लपवायचे. स्वतःला मी नायिका समजायचे, आणि नायिकेने का चष्मा लावावा? मासळी विकणाऱ्या एका मावशींचं रक्त घेतलं आणि वापरलेल्या सुईवर टोपण बसवायला गेले, जे आम्ही नर्सनी कधीच करायचं नसतं. सुई थेट माझ्याच बोटात शिरली. "बाय, तुला दिसत नाय काय?" मावशी म्हणाल्या. लागण झाली का, ते कळायला तीन महिने लागणार होते. सुई टोचल्याच्या फॉर्मवरचा ‘कोणाला कळवावे’ हा रकाना मी चष्मा लावून मोठ्याने वाचला; लिहावं असं कोणी नव्हतं. "माजा नाव टाक," मावशी म्हणाल्या. रिपोर्ट चांगला आला, तेव्हा त्यांना सांगायला मासळी बाजारभर फिरले, सापडल्या नाहीत. आता चष्मा गळ्यात दोरीने मिरवते, आणि कुठलाही फॉर्म भरताना त्या रकान्यात अजून त्यांचंच नाव लिहिते.