ऑर्गनची पट्टी आणि ज्युलियनचा फोन

“नंदिनी, तुझा स्वर खाली उतरतोय,” ज्युलियन म्हणाला, आणि अख्खा कॉयर तिच्याकडे बघायला लागला.

ज्युलियन त्या हौशी कॉयरचा, म्हणजे गायकवृंदाचा, कंडक्टर. नंदिनी ब्रिस्टलमध्ये नर्स आहे, इथेच जन्मलेली. कित्येक वर्षं मागच्या रांगेत गायल्यावर तिला पहिल्यांदाच सोलो मिळाला होता. कार्यक्रमाला तास उरला असताना ज्युलियन तो सोलो दुसऱ्या कुणाला देण्याच्या गोष्टी करायला लागला. मी ऑर्गन ट्यूनर, मागे उभी. पोरगी सुरात होती. चढला होता तो माझा ऑर्गन.

कार्यक्रम ईस्टरच्या कँटाटाचा. कँटाटा म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी रचलेली गाण्यांची माळ, काही एकट्याची, काही सगळ्यांची. हा तीनशे वर्षांपूर्वीचा. त्यामुळे ज्युलियनला सगळं ‘ऑथेंटिक’ हवं होतं. जुन्या घडणीची व्हायोलिनं, जुन्या काळची खालची पट्टी, आणि भाड्याने आणलेला छोटा पाइप ऑर्गन.

पाइपमधली हवा तापली की स्वर चढतो. म्हणून ज्या गारठ्यात किंवा उबेत ऑर्गन वाजणार, त्यातच तो ट्यून करायचा. आदल्या दिवशी चर्चमध्ये गेले तर हीटिंग बंद. त्याची किल्ली चर्चची देखभाल करणाऱ्या मार्गारेटबाईंकडे. प्रार्थनेशिवाय हीटिंग लावणं त्यांच्या लेखी पापच. त्यांनी मला जाड स्वेटर घालायला सांगितलं. मी ज्युलियनला फोन केला.

“त्या काळी हीटिंग होतं का?” तो म्हणाला.

मग उद्याही बंदच ठेवणार ना, असं मी विचारलं. अर्थातच, म्हणाला. मी बोटं चोळत काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना थंडी वाजली. बाईंच्या मागे लागून त्याने हीटिंग फुल करून घेतलं. आपल्याकडे तंबोरा लागला की सगळे त्याला जुळवून घेतात. इथेही ऑर्गन असला की बाकीची वाद्यं त्याच्यावरून लावतात, कारण एवढे पाइप ऐन वेळी पुन्हा ट्यून करता येत नाहीत. आमच्या ऑथेंटिक ज्युलियनने व्हायोलिनना स्वर दिला तो मोबाइलच्या अ‍ॅपवरून.

मी पुढे होऊन सांगितलं, ऑर्गन चढलाय, वाद्यं त्याला जुळवा.

“माझा फोन बरोबर दाखवतोय.”

“ती तुमच्या फोनच्याच पट्टीत गातेय,” मी म्हटलं.

मग ट्यूनिंगच नीट झालेलं नाही, असं त्याने सगळ्यांसमोर ऐकवलं. माझं डोकं सणकलं. मी वाद घालत बसले नाही, थेट मार्गारेटबाईंना गाठलं. हीटिंग बंद करायचं म्हटल्यावर बाईंचा चेहरा उजळला. कारणही विचारलं नाही. आम्ही दोघींनी दारं सताड उघडली.

कार्यक्रम सुरू होईपर्यंत ऑर्गन जागेवर आला होता. दुसरं कुणी आयत्या वेळी तयार नसल्याने सोलो नंदिनीकडेच राहिला. ती इतकी सुरेल गायली की मला भरून आलं. लोक कोट घालून ऐकत होते, ज्युलियन पातळ शर्टात कुडकुडत हातवारे करत होता. शेवटी त्याने जाहीर केलं, की चर्च मुद्दाम थंड ठेवलं, त्या काळाचा अनुभव मिळावा म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो नंदिनीकडे वळला आणि म्हणाला, मी सांगितल्यावर किती सुधारलीस बघ.

बाहेर तिने मला गाठलं. “मावशी, खरं सांग. माझा आवाज खाली होता का?”

“अजिबात नाही. ऑर्गन वर होता.”

पुढच्या महिन्यात त्याने तिला पुन्हा सोलो देऊ केला, सुरावर मेहनत घेण्याच्या अटीवर. तिने उलट अट घातली, की स्वर ऑर्गनवरूनच द्यायचा. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

गारठ्यात ऑर्गन खाली येतो. कंडक्टर खाली यावा इतका गारठा ब्रिस्टलमध्ये पडत नाही.