पुरावा पाहून क्रियापद

सबनीस बाईंनी कुणाचाही प्रबंध तपासायला घेतला की आधी इंग्रजी वाक्यावर आडवा तळहात ठेवायच्या. फक्त क्रियापद उघडं राहायचं. "एवढंच बघू. बाकीचा नट्टापट्टा नंतर." सुरतेच्या आमच्या कॉलेजात त्या इंग्रजी शिकवायच्या, आणि त्यांनी भाषा पास केल्याशिवाय एम.फिल.चा प्रबंध पुढे सरकत नसे. नव्वदच्या दशकात मराठी-गुजराती माध्यमातून तिथं पोचलेले आम्ही सगळे त्यांना चळाचळा कापायचो.

आमची एक रीत होती. ग्रंथालयातून पास झालेला प्रबंध काढायचा आणि त्यातली भारदस्त वाक्यं आपल्या विषयावर चढवायची, लग्नात शेजाऱ्याचा कोट घालतात तशी. माझ्या निष्कर्षात त्यातलंच एक आलं होतं, 'हॅज बीन कन्क्लूसिव्हली एस्टॅब्लिश्ड', म्हणजे निर्विवाद सिद्ध झालं आहे. काय सिद्ध झालं होतं? तर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटानं कामगार बहिरे होतात.

बाईंनी तळहात उचललाच नाही. हे उसनं अवसान कुठून आणलंस, म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. आम्ही सुरतेतल्या नवागामात, कामगारांच्या वस्तीत राहायचो. वडील धुळ्याकडून आले आणि त्यांची उमेदीची सगळी वर्षं मागावर गेली. पन्नाशीही गाठली नव्हती आणि शेजारून मारलेली हाक त्यांना ऐकू येईना. मुकादम म्हणायचा, उमर हो गई. हे सगळं मी बाईंना तावातावानं ऐकवलं आणि वर म्हटलं, मला माहीत आहे!

"तुला माहीत आहे. तुझ्या प्रबंधाला अजून नाही," त्या म्हणाल्या. "अंथरूण पाहून पाय पसरावेत आणि पुरावा पाहून क्रियापद."

शेवटी तिथं 'कॅन बी अॅट्रिब्युटेड, इन पार्ट, टू' असं बसलं, म्हणजे याचं कारण निदान काही अंशी आवाज आहे असं म्हणता येतं. मला ते अगदी मिळमिळीत वाटलं. पण करते काय? तोंडी परीक्षेत आपटले असते तर जवळजवळ ठरलेली लेक्चररची नोकरी गेली असती. बाहेरून येणारे परीक्षक असल्या फुगवलेल्या दाव्यांवर टपूनच बसतात, असा त्यांचा लौकिक होता.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी पहिलाच घाव त्या वाक्यावर घातला. आवाजानं माणूस बहिरा होतो हे तुम्ही सिद्ध केलंत का? मी 'नाही' म्हटलं, तसा माझ्या मार्गदर्शक सरांचा चेहरा उतरला. बाई मागच्या बाकावर होत्या, त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही. मी ते वाक्य वाचून दाखवलं. मग वयामुळे ऐकू येत नसेल कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी तरुण कामगारांच्या बहिरेपणाचा तक्ता उघडून दिला. परीक्षक पानं मागेपुढे चाळत राहिले. त्या वाक्यात बोट घालायला त्यांना फट सापडेना. बऱ्याच वेळानं त्यांनी प्रबंध मिटला आणि अभिनंदन केलं.

संध्याकाळी बाई पेढे घेऊन आमच्या खोलीवर आल्या. वडिलांना त्या प्रबंधातून एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आपले कान गेले कशानं ते. "बाई, पोरनी काय लिखं? मना कान कसामुये गयात?"

मी 'निदान काही अंशी'ची जुळवाजुळव करत होते. बाईंनी मला हातानं थांबवलं, वडिलांच्या कानाशी वाकल्या आणि आख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "दादा, मागांनी खाल्ले तुमचे कान. वयानं नाही."

वडिलांनी मान हलवली आणि कितीतरी वेळ हलवतच राहिले. आई पदर डोळ्यांना लावून आत गेली.

जिन्यात मी बाईंना गाठलं. सकाळी परीक्षकांपुढे मला एवढं जपून बोलायला लावलंत, म्हटलं, आणि आत्ता तुम्हीच बेधडक सांगून मोकळ्या झालात.

बाई चपला घालत होत्या. "तिथं पुरावा द्यायचा होता," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडिलांचा तो देऊन झालाय गं."