पडद्यामागून दिसलेला दादा

माझा थोरला भाऊ शमूदादा वारला, हे मला कितीतरी वर्षांपासून ठाऊक आहे. आईला नाही. बायकोलाही मी हे कधी बोललो नाही.

उमरी स्टेशनावर आई मला गाडीत बसवायला आली होती. दादा आधीच सिकंदराबादला सेंट्रिंगच्या कामावर गेला होता, आणि त्याची खबरबात नव्हती. खिडकीतून भाकरीचं गाठोडं देत ती म्हणाली, "त्याला घिऊनच ये. रिकामा येऊ नको."

दादा सापडला तो सरकारी दवाखान्यात, कावीळ अंगभर भिनलेला. त्याच आठवड्यात गेला. तिथल्या चर्चच्या मंडळीतल्या माणसांनी हात दिला, आणि आम्ही त्याला तिथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत माती दिली.

नाताळला गावी आलो ते हेच सांगायला. पण त्या दिवशी प्रभू येशूचा पिच्चर होता. लातूरहून जीप यायची, अंधार पडला की दोन कडुलिंबांमध्ये पांढरा पडदा ताणायचे. गडी पडद्यासमोर बसायचे, बाया मागं. मागून सगळं चित्र उलटं दिसायचं. शेजारची रूथमावशी दरसाल भांडायची, "गड्याइला सरळ येशू, आन् आमाला उलटा! आमी काय पाप केलं, पाळकसाहेब?"

पिच्चर तोच, दरसालचा. पण त्या वर्षी 'याला वधस्तंभावर खिळा' म्हणून गर्दी ओरडली आणि पडद्यामागून आई किंचाळली. वळसा घालून धावत आली, माझं मनगट धरलं. "बघितलास का? आपला शमू व्हता त्यात! डावा हात वर करून!"

दादा डावखुरा होता. मी समोरून पाहिलं होतं. त्या माणसाचा हात उजवा होता.

मी म्हणालो, "हाव आई, व्हता."

त्या एका 'हाव'वर ती आजवर जगून राहिली आहे. शमू पिच्चरवाल्यांसोबत फिरतो, मोकळा झाला की येईल, असं गावभर सांगते. पुढं दरसाल जीप आली की पिच्चरमधल्या त्या गर्दीच्या वेळी ती पडद्याला मागून हात लावायची. समोर बसलेल्या आम्हाला तिची पाच बोटं कापडात उमटलेली दिसायची, गर्दीच्या तोंडांवरून फिरताना.

मी सिकंदराबादलाच राहिलो, इथला झालो. पोरं घरात तेलुगू बोलतात. आता येशूच्या जीवनावर नवा पिच्चर येतोय, चौकाचौकात पोस्टरं आहेत. परवा आईचा फोन आला. "नांदेडच्या टाकीत पिच्चर लागनार म्हनं. गर्दी लई मोठी हाय म्हनं त्यात. तू ये बाबा. यंदा मी म्होरं बसनार."

मी मोबाईलवर ट्रेलर लावला. ओरडणाऱ्या गर्दीत एकाचा हात वर होता. डावा. मोबाईलला मागची बाजू नसते. दादा गेला त्याच वयाचा माणूस, मान तशीच तिरपी. तो ओरडत नव्हता, नुसता माझ्याकडं बघत होता. पुन्हा लावलं, तर तिथं फक्त मशाल. मुलीनं मागून विचारलं, "एवरू, नाना?" कोण आहे, बाबा, म्हणून. "कुणी नाही," म्हणालो.

गावाकडचे विचारतात, तिकडंच का राहिलास? पोटापाण्यासाठी, असं मी सांगतो. खरं म्हणजे दादा इथं आहे. त्याला एकट्याला सोडून जाववत नाही, आणि त्याच्याविना गावी तोंड दाखवता येत नाही.

पिच्चर लागायच्या आत मला उमरीला जायचं आहे. आईला सांगायचं आहे की शमू मेला, मी त्याला माती दिली, आणि तुझ्याशी खोटं बोललो. मग तिला इथं आणून त्याची कबर दाखवायची आहे. हे मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.