कमलम्माबद्दल सांगायचं राहिलेलं

लातूरच्या क्लासेसच्या भागात मुलींची एक अभ्यासिका होती. तिथं दाराशी टेबल टाकून सिंधुताई बसायची. सकाळी सहाला कुलूप काढायचं, येईल त्या मुलीची वहीत सही घ्यायची, मोबाईल खोक्यात ठेवून घ्यायचे आणि कुणी कुजबुजलं की टेबलावर पेन वाजवायचा. आत ऐंशी मुली, पण दिवसभर पानं उलटल्याचा तेवढा आवाज. मागच्या खोलीत ती एकटीच राहायची. कधी भाजीवालीशी बोलायला जावं तर आवाज घोगरा निघायचा. आदल्या दिवसापासून घसा वापरलेलाच नसायचा.

एकदा आलोक नावाचे शिक्षक भिंतीवर कागद चिकटवायला आले. त्यांच्या वाचक मंडळानं गोष्ट सांगायची स्पर्धा ठेवली होती. गोष्ट स्वतःची हवी, सात मिनिटांत संपवायची, हातात कागद घ्यायचा नाही.

"वयाची अट हाय का, सर?" सिंधुताईनं विचारलं.

"नाही. तुम्हाला सांगायचीय?"

"भूकंपाची हाय. चालंल का?"

"चालेल की. फक्त खरी हवी बरं का."

सर सहज बोलून गेले. सिंधुताईला मात्र ते लागलं. भूकंपाची गोष्ट तिनं आजवर कितीजणांना सांगितली होती, आणि एकदाही पुरती खरी सांगितली नव्हती.

त्र्याण्णव साली ती एकोणीस वर्षांची होती. माहेर नांदेडकडचं, उमरीचं. दिली होती निलंग्याकडच्या एका खेड्यात. घरात नवरा बसलिंगप्पा आणि सासू कमलम्मा. भूकंपात घर बसलं, दोघंही आतच गेली आणि अंगणात झोपलेली सिंधु तेवढी राहिली. छावणीतल्या बायकांनी विचारलं, तू बाहेर कशी गं? ती म्हणाली, सासूनं घराबाहेर काढलं होतं. बायकांनी तोंडाला पदर लावला. एक म्हणाली, बघा, काढणारीच गेली. पुढं पेपरवाले आले, त्यांनीही तेच लिहून नेलं. दर सप्टेंबरात कुणी ना कुणी यायचं, आणि दर सप्टेंबरात कमलम्मा आणखी थोडी कजाग व्हायची. काही वर्षांनी येणारे थांबले. गोष्ट तशीच राहिली.

स्पर्धा रविवारी दुपारी, अभ्यासिका बंद असते त्या वेळात होती. सभागृहात साठ-सत्तर माणसं. तिच्या आधी एका मुलानं डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत आपण तीनदा कसे आपटलो ते सांगून सगळ्यांना पोट धरून हसवलं. मग सिंधुताईचं नाव पुकारलं.

माईकसमोर तिनं घरापासून सुरुवात केली. मातीत रचलेल्या मोठ्या दगडांच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. मग सासूवर आली.

"माझी सासू कानडी मुलखातली. रागावली की मराठीत बोलायची, मला कळावं म्हणून. माया आली की कानडीत." थोडी माणसं हसली. "भूकंपाच्या आदल्या दिवशी, गणपती इसर्जनाला, मी न सांगता मिरवणूक बघाया गेले. वासरू सुटलं, गाईचं सगळं दूध पिलं. सासू म्हणाली, झोप आज त्या वासरापाशीच. आन् दार लावून घेतलं. इथवर मी समद्यांना सांगत आले."

तेवढ्यात घंटी वाजली. वेळ संपली होती. तिनं परीक्षकांकडं पाहिलं.

"आता जे राह्यलंय तेच खरं हाय," ती म्हणाली आणि बोलत राहिली. "थोड्या येळानं दार उघडलं. सासू बाहेर आली. माझ्या अंगावर वाकळ घातली आन् म्हणाली, ओळग बा. म्हंजे आत ये. मी जागीच होते. ऐकलं, कळलं बी. पण रागानं डोळे मिटून पडले. ती उभी राह्यली. परत म्हणाली, ओळग बा. मी हूं का चूं केलं न्हाई. मग गेली ती आत. दार उघडंच ठेवलं तिनं. मी म्हणलं, बोलू सकाळी."

पुन्हा घंटी झाली.

"तिनं मला बोलावलं होतं. मीच गेले न्हाई, म्हणून आज हाय. लोकांनी तिला लई नावं ठेवली, माझ्यामुळं."

टाळ्या पडल्या. परीक्षक म्हणाले, अनुभव हेलावणारा आहे, पण वेळेचा नियम सगळ्यांना सारखा. पहिलं बक्षीस त्या हसवणाऱ्या मुलाला मिळालं. सिंधुताईला बक्षिसाचं काही नव्हतं. सांगून टाकलं की छाती हलकी होईल असं मात्र तिला वाटलं होतं, आणि तसं झालं नाही. लोक फोटो काढत होते. ती चपला शोधून पायऱ्यांपाशी आली.

तिथं बुरख्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं तिला थांबवलं. "मी सुलतानबी. नातीसंगं आलते. एक पुसू का, बाई? दिसायला कशी होती तुमची सास?"

भूकंपात कितीजण गेले, दगड कसे पडले, रडलात का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. घरात फोटो नव्हता, त्यामुळं दाखवायलाही काही नव्हतं.

"ठेंगणी होती," सिंधुताई अडखळत म्हणाली. "रंगानं उजळ. हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले. चालताना डावा पाय..."

"दादी, ऑटो थांबलाय," नात रुखसार खालून म्हणाली.

सुलतानबीनं तिचा हात दाबला, "येते जी, बाई," म्हणाली आणि सावकाश पायऱ्या उतरून गेली.

सिंधुताई चालत निघाली. क्लास नुकताच सुटला होता. पाठीला दप्तरं लावलेली पोरं दोन्ही अंगांनी पुढं जात होती. डावा पाय ओढायची, बैलाचा खूर पडला होता ना त्याच्यावर. हसताना तोंडावर हात घ्यायची. मिठाला उप्पु म्हणायची, आणि मी चुकून साखर आणली की मोठ्यानं हसायची. ती ओठ हलवत सांगत होती, आणि ऐकायला शेजारी कुणी नव्हतं.

अभ्यासिकेच्या दाराशी चार मुली खोळंबल्या होत्या. तिनं कुलूप काढलं आणि सह्यांची वही पुढं सरकवली.